बुसरा टिकवायचा तर

बुसरा ही आपल्या नंदुरबार भागाची आणि लगतच्या दक्षिण गुजरातची कोंबडीची जात. राष्ट्रीय नोंदणीत तिला स्थान आहे, पण नोंदणीने जात जगत नाही. मागणी वाढली की ती आपोआप वाचेल, हेही खरे नाही. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आज त्याला गिऱ्हाईक भरपूर आहे; पण काळेपणा संकरातही बऱ्याच अंशी उतरतो, त्यामुळे नुसता रंग पाहून शुद्ध पक्षी ओळखता येत नाही. बाजार पक्षी वाढवतो. वंश सांभाळतो तो पैदास करणाराच.

त्यात कळीचा प्रश्न नरांचा. एका कोंबड्यामागे दहा कोंबड्या हा आपला सर्रास हिशेब. अंडी फळायला तो पुरतो, वंशाला पुरत नाही. पुढच्या पिढीचा निम्मा वारसा त्या एकाच नराकडून येतो. सगळी पिल्ले एका बापाची होतात आणि एका पिढीत अंतःप्रजनन सुमारे चौदा टक्क्यांनी वाढते. मग अंडी वांझ निघतात, पिल्ले कवचातच मरतात आणि दोष हवामानाला दिला जातो. हेच प्रमाण ठेवून चार कोंबडे व चाळीस कोंबड्या एकत्र धरल्या, तर ही वाढ साडेतीन टक्क्यांच्या आत राहते. एका घराला हे झेपणार नाही, चार पाड्यांना सहज झेपेल. तलंगा आपल्याच पाड्यात ठेवायच्या, निवडलेले नर दरवर्षी ठरलेल्या क्रमाने पुढच्या पाड्याला द्यायचे. पायात क्रमांकाची कडी आणि घरात एक वही, एवढाच खर्च.

वर्षाला जेमतेम पन्नास अंडी देणारी कोंबडी कशाला, असे विचारले जाते. लेअर तीनशेच्या वर अंडी देते हे खरेच. पण तिला विकतचे खाद्य लागते, ती रवणीला बसत नाही, पिल्ले दरवेळी हॅचरीतून आणावी लागतात. बुसरा कोंबडी डालग्याखाली स्वतः अंडी उबवते आणि परसात चरून पिल्ले वाढवते. वीर्य गोठवून ठेवले की झाले, असेही काही तज्ज्ञ म्हणतात. पण पक्ष्यांत मादीचे लिंग ठरवणारे गुणसूत्र कोंबड्याच्या वीर्यात नसतेच, आणि पिवळ्या बलकामुळे अंडे गोठवून जपता येत नाही. सगळे पक्षी एका सरकारी फार्मवर ठेवावेत, हा सल्ला तर नवापूरने ऐकूच नये. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच आढळला आणि आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. एका साथीत सगळा वंश जाऊ नये म्हणून कळप विखुरलेलेच हवेत, आणि नर देण्याआधी मानमोडीची लस टोचलेली हवी. दुपारच्या सत्रात पाड्यांचे गट पाडून पहिल्या वर्षीचा नरांचा क्रम ठरवायचा आहे. प्रत्येक गावाने आपल्या कोंबड्यांची संख्या तेवढी सांगावी.