आधी आईबापांना विचारलेत का?



मघाशी या मंचावर सरस्वतीच्या प्रतिमेला हार घातला गेला. मी घातला नाही, बाजूला उभा राहिलो. संयोजकांच्या कपाळावर आठी पडली तीही पाहिली. पण मला कोणी पट्टी मारली नाही की माझा चहा बंद केला नाही. मोठ्यांच्या कार्यक्रमाचे हे बरे असते. कर्जत-खालापुरातल्या एखाद्या सातवीतल्या पोराला सकाळच्या परिपाठात असेच बाजूला उभे राहू द्या, मग आपण सहिष्णुतेवर खुशाल परिसंवाद घेऊ.

साहित्याच्या मेळाव्यात शाळेच्या प्रार्थनेचे काय काम, असे मला दोघा-तिघांनी विचारले. लहान मुलांच्या तोंडी कुणाचे शब्द घालायचे आणि कुणाला विचारून, हा लिहिणाऱ्यांचा प्रश्न नसेल तर आपला प्रश्न कोणता? पुस्तके खपत नाहीत हा?

जरा मागे जाऊ. 1839 साली मुंबईत मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतले दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले. पारशी समाज खवळून उठला, आईबापांनी भराभर मुले काढून घेतली. 1843 मध्ये श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झालेला, धाकटा त्याच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेलेला. बाप कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्या सगळ्या गदारोळात आपल्या लोकांचे म्हणणे एकच होते: पोर अजाण आहे, त्याच्या धर्माला हात लावायचा तर आधी आईबापांना विचारा. ही मागणी आपली होती हो! शाळा दुसऱ्याची होती तेव्हा ती आपल्याला बरोब्बर सुचली.

हीच मागणी पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 मध्ये आली. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. आणि जी शाळा सर्वस्वी सरकारी पैशावर चालते तिथे धार्मिक शिक्षण द्यायचेच नाही. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनी याची कारणे सांगितली होती. कर सगळ्यांकडून घ्यायचा आणि त्यातून एकाच धर्माचे शिक्षण द्यायचे, हे कसे चालेल? शिवाय प्रत्येक धर्म आपलाच मार्ग खरा म्हणतो. ते भांडण वर्गात आणून शाळेची शांतता का घालवायची?

आता मला सांगा, आपल्या कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांत ही संमती कुणी, कधी, कुणाकडून घेतली? दिवाळी सरली की कातकरवाड्या ओस पडतात. माणसे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात. पोर राहते आश्रमशाळेत, पेणच्या प्रकल्प कार्यालयाच्या कारभाराखाली. तिथे दोन वेळचे जेवण आहे, गणवेश आहे, डोक्यावर छप्पर आहे, आणि सकाळ-संध्याकाळ सांगतील ते म्हणणे आहे. त्याच्या बापाला विचारायला भट्टीवर कोण गेले होते? ठाकरवाडीतला वाघोबा परिपाठात कधी येत नाही. पोर आठवडाभरात शिकते की आपला देव घरी ठेवून यायचा असतो. नेरळची मुसलमान मुलगी ओठ हलवते, आवाज काढत नाही. बौद्धवाडीतला मुलगा हात जोडल्यासारखे करतो. आपण त्याला शिस्त म्हणतो आणि शाळा छान चालली आहे असा शेरा मारून केंद्रप्रमुख निघून जातात.

लगेच उत्तर येते, अहो हा धर्म नाही, हे संस्कार आहेत. पसायदानात कुठे धर्म आहे? मला पसायदान पाठ आहे आणि म्हणताना आजही गळा दाटतो. म्हणूनच ते पट्टीच्या धाकाने म्हणवून घेतलेले मला सोसत नाही. साने गुरुजींची प्रार्थना घ्या. पंढरपूरचा विठोबा दलितांना मोकळा व्हावा म्हणून मे 1947 मध्ये या माणसाने प्राण पणाला लावले. त्यांचीच प्रार्थना चालू असताना हात जोडले नाहीत म्हणून एका मुलाच्या पोटरीवर पट्टी बसलेली मी याच जिल्ह्यात पाहिली आहे. शाळेचे नाव सांगत नाही. ती एकटी नाही.

मुलांचे सोडा, शिक्षकांचे काय होते? नाशिकमध्ये सावित्रीबाईंचे नाव लावणाऱ्या शाळेत एका बौद्ध शिक्षकाने प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला, तर त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, हे 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले. पगारदार, शिकलेला माणूस उच्च न्यायालयापर्यंत गेला तेव्हा सुटला. कातकऱ्याच्या पोराने कुठे जायचे?

माझ्या पुरोगामी मित्रांनी टाळ्यांची घाई करू नये. जानेवारी 2020 मध्ये शाळाशाळांतून संविधानाची उद्देशिका रोज वाचायचा आदेश निघाला. चांगले झाले. पण ‘सार्वभौम’ म्हणजे काय हे न सांगता ती रोज घोकून घेतली तर दुसरे स्तोत्र तयार होते, एवढेच. मे 2024 मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात गीता आणि मनाचे श्लोक पाठ करण्याची शिफारस आली, एका प्रकरणाच्या माथ्यावर मनुस्मृतीचा श्लोक आला. आपल्याच महाडात, जिथे 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती जाळली गेली, तिथे पुन्हा ती जाळण्यात आली. वाहिन्यांना आठवडाभर खाद्य मिळाले. दोन्ही बाजूंचे पुढारी बोलले. वाडीवर जाऊन पालकाशी बोललेला मला एकही दिसला नाही. आणि हो, कॉन्व्हेंट असो की मदरसा, मान्यता किंवा अनुदान घेत असेल तर त्यालाही हाच अनुच्छेद लागू आहे. आपल्याला तो फक्त दुसऱ्याच्या शाळेबाबत आठवतो.

उपाय अवघड नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. बहुतेक ठिकाणी त्यांचा उपयोग इतिवृत्तावर अंगठे घेण्यापुरता होतो. भट्टीवरची माणसे पावसाळ्याआधी परत येतात. जूनमध्ये शाळा उघडली की सभा घ्या, परिपाठात काय काय म्हटले जाते ते त्यांच्या बोलीत वाचून दाखवा आणि विचारा. ज्याला नको त्याचे मूल त्या वेळात वर्गात पुस्तक वाचत बसेल. त्याला हाक मारून पुढे उभे करायचे नाही, वहीत लाल शाई मारायची नाही.

दुपारच्या खुल्या अधिवेशनात मी हाच ठराव मांडणार आहे. संयोजकांनी तो विषयपत्रिकेतून वगळण्याची विनंती केली होती, मी ती नाकारली. ज्यांचा विरोध आहे त्यांनी जेवणाच्या पंगतीत कुजबुजू नये. ध्वनिक्षेपक इथेच आहे. या, आणि वीटभट्टीवरच्या बापाला का विचारायचे नाही ते मला सर्वांसमोर सांगा.