परसातील फिरता पिंप आणि कंपोस्ट खत



उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचा घनदाट रानाचा मुलूख होय. काळी नदीचा उगम ह्याच तालुक्यात, डिग्गी येथे होतो. काळी व्याघ्र प्रकल्पातील एका वनक्षेत्राला ज्याचे नाव आहे, ते कुंभारवाडा हे गावही ह्याच मुलखातले. अशा ठिकाणी खताची चिंता ती कसली, असे परगावच्या माणसास वाटेल. पाला पायाखाली आणि गोठा घराशेजारी! परंतु संरक्षित रानातून मनाला येईल तितका पाला आणण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची मर्यादा पडते. शिवाय जूनपासून सप्टेंबरपर्यंत उकिरड्यावर पावसाच्या धारा कोसळत असतात. खड्ड्यात पाणी साचले की हवा कोंडते आणि कचरा कुजण्याऐवजी सडतो. त्यातील नत्राचा बराच अंश ओहोळाला मिळतो. महिनोन् महिने टोपल्या वाहणाऱ्या गृहिणीच्या पदरी अखेर दुर्गंधीयुक्त चिखल पडतो.

कुजणे आणि सडणे ह्यांतील हा भेद नवा नाही. इंदूर येथे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत सर अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनी कंपोस्टची जी पद्धत बसविली, तिचे वर्णन त्यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तीन वेळा पालट देऊन सुमारे तीन महिन्यांत खत तयार करावयाचे, हे तिचे सूत्र. कोरड्या ऋतूत खड्डा आणि पावसाळ्यात मात्र जमिनीवर ढीग, ही दक्षता तीत होती. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे ह्यांनी विटांच्या भिंतींत भोके ठेवून टाके बांधण्याची रीत रूढ केली. ती त्यांच्याच नावावरून ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. दोहोंचे मर्म एकच, ते म्हणजे ढिगाला श्वास घेऊ देणे.

परसात टाके बांधण्याइतकी जागा व शेण नसेल त्या घरी फिरता पिंप उपयोगी पडतो. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा पिंप घ्यावा, मात्र त्यात पूर्वी कीटकनाशक वा रसायन भरलेले नसावे. बाजूंना अर्ध्या इंचाची भोके पाडावीत, कडेला झाकणाचे दार कापावे आणि मधून लोखंडी नळी आरपार घालून तो मजबूत लाकडी घोडीवर आडवा ठेवावा. भरलेल्या पिंपाचे वजन सत्तर-ऐंशी किलोपर्यंत जाते, तेव्हा घोडीत काटकसर नको. जागा पडवीत, पागोळ्यांपासून दूर असावी. उकिरडा उकरणाऱ्या रानडुकरांचा उपद्रवही त्यामुळे टळतो.

भरणीत चुका होतात त्या बहुधा प्रमाणाच्या. सूक्ष्म जीवांना कर्ब व नत्र साधारणतः तीसास एक ह्या प्रमाणात मानवतो. सुक्या पाल्यात कर्ब फार, भाजीच्या देठांत आणि शेणात नत्र अधिक. म्हणून दोन ते तीन पाट्या चुरलेल्या सुक्या पाल्यास एक पाटी ओला कचरा घ्यावा आणि विरजण म्हणून थोडा शेणकाला व ओंजळभर जुने खत घालावे. पिंप दोन-तृतीयांशच भरावा. काठोकाठ भरला तर आतला माल उलटत नाही, नुसता गोल फिरतो. नारळाची सोडणे, हाडे, मासळी व तेलकट अन्न घालू नये. दर दोन-तीन दिवसांनी पाच-सहा फेरे पुरेत. मूठभर माल पिळला असता बोटांना ओल लागावी, धार लागू नये. मालाचे गोळे बनू लागले तर ओल वाढली असे समजून ते हाताने फोडावेत व सुका पाला मिसळावा. आंबूस वास आल्यासही उपाय हाच.

पिंपाची थोरवी अवास्तव वाढवून सांगण्यात अर्थ नाही. पंधरा दिवसांत खत, ही विक्रेत्याची भाषा झाली. ढिगाची ऊब टिकण्यास सुमारे एक घनमीटर माल लागतो आणि पिंपात त्याचा पाचवा हिस्साही मावत नाही. त्यामुळे तणाचे बी मरेलच अशी खात्री नसते. बी धरलेले तण बाहेरच ठेवावे. भातशेतीला हे खत पुरणार नाही. ते वाफ्यांसाठी, कंदांच्या आळ्यांसाठी आणि मिरचीच्या रोपांसाठी आहे.

सहा-आठ आठवड्यांनी माल निम्म्याहून कमी उरतो. तो बाहेर काढून छपराखाली गोणपाटाने झाकून आणखी महिनाभर मुरू द्यावा. दुसरा पिंप असल्यास भरणी खंडित होत नाही. पक्व खत काळसर, भुसभुशीत असते व त्याला पहिल्या पावसातील मातीचा वास येतो. तरीही शंका वाटल्यास निम्मी माती मिसळून कुंडीत मेथी पेरावी. रोपे हिरवी व सरळ उगवली तर खत वाफ्यात जाण्यास योग्य झाले. पिवळी पडली वा बी उगवलेच नाही, तर आणखी पंधरा दिवस थांबावे.