नव्या घराची खिडकी



पगारवाढीवर बोलणाऱ्या माणसाला चालकांनी खिडकीवर का उभे केले, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. विषय आम्हीच मागून घेतला. आमची शाळा सातवीत सुटली. इमारतीचे शास्त्र आम्ही शिकलो ते एक चूक करून, आणि त्या चुकीची किंमत इतरांनी भरली.

2011 साली कल्याणकडे आमच्या सभासद कामगारांच्या गृहनिर्माण संस्थेची इमारत उभी राहिली. समितीत आम्ही होतो. ठेकेदाराने दोन नमुने पुढे ठेवले: बिजागरीवर उघडणारी खिडकी आणि अ‍ॅल्युमिनियमची सरकती. सरकती झोकदार, स्वस्तही. छज्जे गाळले तर इमारत 'मॉडर्न' दिसेल, असेही तो म्हणाला. आम्ही मान डोलावली. पश्चिमेच्या खोल्यांत रात्रपाळीवाले बरेच आले. दुपारनंतर त्या खोल्यांत झोप कसली! एकजण आमच्यासमोर बसून म्हणाला, "दादा, यंत्रावर डुलकी लागली तर हात जाईल हो." अखेर त्याने कर्ज काढून एअरकंडिशनर घेतला. करारात भांडून मिळवलेली वाढ विजेच्या बिलात गेली.

तेव्हा आम्ही पुस्तके उघडली. हल्ली विक्रेता दुहेरी काच पुढे करतो. ती मुळात थंड देशांची सोय. तिथे बाहेर उणे 10 अंश, आत 20. फरक तीस अंशांचा. मुंबईत मे महिन्यात बाहेर 34 आणि गार केलेल्या खोलीत 26, फरक आठाचा. एवढ्या फरकाने एक चौरस मीटर साध्या काचेतून सुमारे 45 वॉट उष्णता आत येते. त्याच काचेवर पश्चिमेचे ऊन थेट पडले, चौरस मीटरला 600 वॉटच धरा, तर त्यातला चार-पंचमांश भाग आत शिरतो, म्हणजे 480. दोन चौरस मीटरची खिडकी म्हणजे खोलीत चालू ठेवलेली विजेची इस्त्रीच की!

आतल्या पडद्याने भागत नाही. काच ओलांडून आलेली उष्णता बहुतेक खोलीतच राहते. ऊन अडवायचे ते बाहेर. दक्षिणेला दुपारचा सूर्य वर असतो, तिथे छज्जा पुरतो. पश्चिमेला तो खाली उतरून छज्ज्याखालून आत येतो. तिथे लाकडी पट्ट्यांच्या झडपा हव्यात, निदान बाहेरून बांबूचा चिक. तेही शक्य नसेल तर लेप दिलेली काच घ्यावी. पण विक्रेत्याला सौर उष्णतेचा आकडा विचारावा. साध्या काचेचा 0.8च्या आसपास असतो, 0.3च्या जवळचा मिळतो. उजेड किती येतो हेही पाहावे, नाहीतर भरदिवसा दिवा लावावा लागेल.

मुंबईकडे आणखी एक पेच आहे. समुद्रावरचा वारा येतो तोही पश्चिमेकडूनच, म्हणून ती बाजू बंद करूनही चालत नाही. 2018 साली केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने इको-निवास संहिता काढली. दमट उष्ण प्रदेशात घराच्या चटई क्षेत्राच्या एक-षष्ठांश जागा उघडणारी हवी, असे ती सांगते. 300 चौरस फुटांच्या घराला 50 चौरस फूट, बाल्कनीचे दार धरून. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, बिजागरीची नव्वद टक्के. स्वस्त खिडकीत आम्ही अर्धा वारा विकला होता! शिवाय आत आलेल्या वाऱ्याला बाहेर जायला वाट हवी. चाळीत समोर खिडकी आणि पाठीमागे गॅलरीचे दार असे, तेव्हा दार उघडे टाकून माणसे झोपत. फ्लॅटचे दार बंद असते. मग दुसऱ्या भिंतीला खिडकी नको का?

सध्या दुसऱ्या एका संस्थेचा नकाशा आमच्याकडे आला आहे. भिंती अजून कागदावर आहेत, ठेकेदाराने पुन्हा छज्जे गाळले आहेत. येत्या रविवारी सभा आहे. कल्याणकडच्या त्या पश्चिमेच्या खोल्यांतले सभासद आम्ही बोलावले आहेत; पहिले बोलणे त्यांचे.