वेगाची बंदूक ओळखणारा डबा घ्यावा का?

आज बोलायचंय एका डब्याबद्दल. मोबाइलएवढा असतो, गाडीच्या पुढच्या काचेला चिकटवतात आणि रस्त्यावर पुढं पोलीस वेग मोजत उभे असतील तर तो टुण-टुण वाजतो, असं विकणारा सांगतो. त्याचं नाव रडार डिटेक्टर. ऑनलाइन मिळतो, काही हजारांपासून सुरू होतो आणि पुढं किंमत कितीही चढत जाते.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना या डब्याचं काय करायचं? तर आमच्या गटाच्या बैठकीत गेल्या महिन्यात एक अर्ज आला. एका ताईंच्या नावावर गटाच्या कर्जातून जुनी क्रूझर घेतलेली आहे, मुलगा ती भाड्यानं चालवतो. शिर्डी, शनि शिंगणापूर, वेरूळ, पैठण असे फेरे. त्याला 18,000 रुपये हवे होते. कशाला, तर हा डबा घ्यायला. दोन महिन्यांत तीन चलनं आली, डबा असता तर पैसे वाचले असते, हा त्याचा हिशोब. मुलगा वाईट नाही, कष्टाळू आहे. म्हणून आम्ही नुसतं नाही म्हटलं नाही, नीट माहिती काढली. तीच आज तुमच्यापुढं ठेवतोय.

आधी पोलिसांची बंदूक वेग मोजते कशी, ते बघू. एस.टी. भोंगा वाजवत आपल्याकडं येते तेव्हा आवाज बारीक, चढा लागतो. पुढून निघून गेली की तोच भोंगा जाडसर होतो. ऑस्ट्रियाच्या डॉप्लर नावाच्या शास्त्रज्ञानं 1842 मध्ये याचं कारण मांडलं. रडारची बंदूक हेच करते, फक्त आवाजाऐवजी रेडिओच्या लहरींनी. लहर गाडीवर आपटून परत येते, ती किती बदलून आली यावरून गाडीचा वेग कळतो. या लहरी टॉर्चच्या उजेडासारख्या पसरत जातात. त्यामुळं बंदूक दुसऱ्याच गाडीवर धरलेली असली तरी तिच्या लहरींचा थोडा भाग लांबवर पोचतो आणि डब्याला आधीच चाहूल लागते. डब्याची सगळी करामत एवढ्यावरच चालते.

आता आपल्याकडचं बघा. महाराष्ट्रात महामार्ग पोलिसांच्या ज्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या दिसतात, त्यांच्यात लेझरच्या बंदुका असतात. लेझरचा किरण पसरत नाही, सुतासारखा जातो. तीनशे मीटरवर गेला तरी तो साधारण मीटरभर रुंद होतो, म्हणजे एका गाडीच्या तोंडावर मावेल एवढाच. तो किरण आपल्या गाडीवर पडल्याशिवाय डब्याला काही कळत नाही, आणि पडला की वेग मोजून झालेला असतो, फोटोही निघालेला असतो. मग डबा वाजतो. लग्न लागल्यावर अक्षता घेऊन पोचावं, तसं ते वाजणं.

दुसरी पद्धत त्याहून साधी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 मध्ये कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा सुरू झाली. तिथं एका कमानीखालून गाडी किती वाजता गेली आणि पुढच्या कमानीखाली किती वाजता पोचली, यावरूनही सरासरी वेग काढता येतो. मधलं अंतर ठरलेलं, वेळ कॅमेऱ्यानं टिपलेली, बाकी उरतो भागाकार. यात डबा काय पकडणार? कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढं गेलं की परत ॲक्सिलेटर, ही युक्तीही तिथं चालत नाही.

शिवाय हा डबा फुकटचा ओरडतो. मॉलच्या आपोआप उघडणाऱ्या दारात तसल्याच लहरी असतात, नव्या महागड्या गाड्यांच्या मागच्या बाजूलाही असतात. शहरातून जालना रोडनं जाताना तो किती वेळा वाजेल याचा नेम नाही. चार दिवसांनी चालवणारा त्याच्याकडं लक्ष देणं सोडतो, किंवा बंदच करतो.

कुणी म्हणेल, आमचा भाचा अमेरिकेत आहे, तो वापरतो. वापरत असेल. तिथं पोलीस बऱ्याच ठिकाणी रडारच वापरतात आणि खासगी मोटारीत बहुतेक राज्यांत डबा चालतो. पण व्हर्जिनिया राज्यात आणि वॉशिंग्टन या राजधानीत बंदी आहे, मोठ्या मालवाहू ट्रकमध्ये तर देशभर बंदी आहे. फ्रान्स, जर्मनीतही गाडी चालवताना वापरायला मनाई आहे. आणि एक सांगून ठेवतो, काही दुकानदार डिटेक्टरच्या नावाखाली जॅमर दाखवतात, म्हणजे पोलिसांच्या यंत्रात अडथळा आणणारं यंत्र. त्याला हातसुद्धा लावू देऊ नका. जॅमर बाळगणं खासगी माणसाला आपल्या देशात बेकायदाच आहे.

आता त्या क्रूझरकडं येऊ, कारण खरी गंमत तिथं आहे. बारा-तेरा सीटच्या भाड्याच्या गाड्यांना वेग नियंत्रक बसवलेला असावा लागतो, आपली पोरं त्याला गव्हर्नर म्हणतात. ऑक्टोबर 2015 नंतर बनलेल्या अशा गाड्यांना तो 80 वर बांधलेला असतो, त्यापुढं गाडी पळतच नाही. आम्ही त्या मुलाला विचारलं, बाबा, समृद्धीवर मोटारींना 120 ची मर्यादा आहे, तुझी गाडी 80 ला बांधलेली, मग वेगाचं चलन आलंच कसं? तो गप्प. त्याच्या आईला तेव्हा कळलं की गव्हर्नरची वायर कधीच काढलेली आहे. बाकीची दोन चलनं गावातून जाणाऱ्या रस्त्यावरची होती, जिथं पाटी कमी वेगाची असते आणि शाळा सुटलेली असते. ती चलनं टाळायला डबा लागत नाही, पाटी वाचावी लागते.

2019 च्या जुलैनंतर बनलेल्या मोटारींत तर कंपनीनंच वेगाचा इशारा दिलेला आहे. 80 च्या पुढं गेलं की अधूनमधून वाजतो, 120 च्या पुढं थांबतच नाही. तो त्रास देतो म्हणून बंद करून घेणारेही आहेत. फुकट मिळालेला इशारा बंद करायचा आणि पैसे देऊन दुसरा आणायचा, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. सावंगी, माळीवाडा, हडस पिंपळगाव, जांबरगाव, इथून आपण चढतो-उतरतो. तुमच्यापैकी कितीजणींच्या शेताचा तुकडा त्यात गेला असेल. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला, आणि 5 जून 2025 ला शेवटचा टप्पा होऊन 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. रस्ता चांगला आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण तो इतका सरळ आहे की डोळे उघडे असूनही चालवणाऱ्याला तंद्री लागते.

वैजापूरजवळ 14 ऑक्टोबर 2023 ची मध्यरात्र उलटल्यावर काय झालं, ते पुष्कळजणींना आठवत असेल. सैलानी बाबांच्या दर्ग्याचं दर्शन करून नाशिककडं परतणाऱ्या भाविकांची मिनी बस थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली. 12 जण गेले. ट्रक तिथं का थांबला होता, कुणी थांबवला होता, यावर पुढं गुन्हे दाखल झाले, अटकाही झाल्या. त्या वादात आज जायचं नाही. आम्हाला त्यातलं एवढंच सांगायचंय: डबा पोलिसाची बंदूक ओळखतो. अंधारात उभा राहिलेला ट्रक तो ओळखत नाही, रस्त्यावर आलेलं जनावर नाही, फुटलेला टायर नाही.

थोडा हिशोब करू. ताशी 80 च्या वेगात गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. 120 ला 33 मीटर, म्हणजे तीन एस.टी. एकामागं एक उभ्या केल्या तेवढं. समोर काही दिसलं की पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातोच, मग गाडी थांबायला वेगळं अंतर लागतं. कोरडा रस्ता आणि चांगले टायर असतील तर 80 ला साधारण 55 ते 60 मीटर, 120 ला जवळजवळ दुप्पट, 110 मीटरच्या वर. भरलेली गाडी, झिजलेले टायर, पाऊस, यांनी ते आणखी लांबतं. आणि मिळतं काय? शंभर किलोमीटरला 120 च्या वेगानं 50 मिनिटं लागतात, 140 नं 43. सात मिनिटं वाचली. चहाची टपरी लागली की ती सात मिनिटं तिथंच जातात.

चलन कुणाला येतं, हे तर आपल्या गटांनी नीट समजून घ्यायलाच हवं. कर्ज बाईच्या नावावर म्हणून गाडी बाईच्या नावावर. चालवतो मुलगा, नवरा नाहीतर दीर. कॅमेऱ्याला नंबर प्लेट दिसते, त्यामुळं चलन मालकिणीच्या नावानं निघतं. आरसी बुकाला मोबाइल नंबर मुलाचा जोडलेला असला तर निरोपही तिला येत नाही. कायद्यात जास्त वेगाला मोटारीसाठी 1,000 ते 2,000 रुपये आणि मोठ्या प्रवासी गाडीला 2,000 ते 4,000 रुपये दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा झाला तर लायसन्स जप्त होऊ शकतं, आणि भाड्यावर पोट असलेल्या घरात लायसन्स जप्त म्हणजे हप्ता बंद. घरचं लेकरू 18 च्या आत असताना चालवायला दिलं तर शिक्षा पालकाला आणि मालकाला: तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. म्हणून ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांनी स्वतःचा नंबर जोडून घ्या आणि महिन्यातून एकदा राज्याच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावानं एखादी फाइल आली, ती उघडा म्हणून सांगितलं, तर उघडू नका. खात्यातले पैसे पळवायचा तो धंदा आहे.

मोटार वाहन कायद्याच्या 183 व्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्यालाच लागू होते. ठरावीक वेळात पोच असं कुणी सांगितलं आणि वेगाची मर्यादा मोडल्याशिवाय तेवढ्या वेळात पोचणं शक्य नाही असं कोर्टाला वाटलं, तर ते सांगणंच सांगणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. आता आठवा, श्रावणात आपण गाडी कशी ठरवतो. पहाटे निघू, शिर्डी, शिंगणापूर, येताना वेरूळ, भद्रा मारुती, आणि रात्री स्वयंपाकाला घरी. भाडं तेवढंच, पण देव चार. मग ड्रायव्हर पळवणार नाही तर काय करणार? एक देव पुढच्या महिन्यात करा. रागावणार नाही तो.

आता त्या अर्जाचं काय झालं ते सांगतो. बैठकीनंतर आम्ही दोघी-तिघी क्रूझर बघायला गेलो. मागचे दोन्ही टायर गुळगुळीत. टायरच्या खाचांमध्ये मधे मधे बारीक उंचवटे असतात; टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो बदलायलाच हवा. हे बघायला मेकॅनिक लागत नाही, बोट घालून कळतं. उन्हाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर असा टायर तापला की फुटतो. समृद्धीवर चढतानाच टायर तपासून गाड्या परत पाठवल्याचंही आपण बातम्यांत ऐकलंय. आम्ही डब्यासाठी पैसे दिले नाहीत. त्याच रकमेतून दोन टायर, गव्हर्नर पुन्हा जोडून त्याचा कागद, आणि मागच्या लाइटवर चमकपट्टी एवढं मंजूर केलं. मुलगा थोडा रुसला. त्याची आई म्हणाली, रुसू द्या, गाडी माझ्या नावावर आहे.

तुमच्या गटात गाडीचं कर्ज असेल तर पुढच्या बैठकीला ती गाडी दारात उभी करायला सांगा आणि सगळ्याजणींनी तिच्याभोवती एक चक्कर मारा. भाड्याची गाडी ठरवताना मीटरचा काटा दिसेल अशा जागी एखादी बोलकी मावशी बसवा. ड्रायव्हरनं रात्रीची झोप घेतली का, हे निघायच्या आधी विचारा. मोटारीत मागच्या सीटवरही पट्टा लावणं सक्तीचं आहे, तो साडीवर लागतो, आम्ही लावून पाहिलाय. रस्त्यात काही झालंच तर अँब्युलन्सला 108, पोलिसांना 112.

पुढच्या वेळी गाडीच्या विम्याचे कागद कसे वाचायचे त्यावर बोलू. कागद हाताशी घेऊन बसा. नमस्कार.