माहितीचा प्रवाह आणि तपासणीची शिस्त

(भिलाई येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



भिलाईत बोलायला उभे राहिल्यावर पोलादाचा उल्लेख टाळता येत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात येथील कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १९५६ पर्यंत हा प्रदेश आणि विदर्भ एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे येथे मराठी श्रोतृवर्ग भेटावा यात नवल नाही.

आजचा विषय मात्र पोलादाचा नाही. माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या संगणकीय व्यवस्थेतील बदल स्वयंचलित तपासणीतून पार करून कार्यान्वित कसे करावेत, हा आहे. तरीही आरंभी कारखान्याचे उदाहरण घेतो, कारण ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. दल्ली-राजहराच्या खाणीतील लोहखनिज झोतभट्टीत जाते, वितळलेले लोखंड पोलादशाळेत येते आणि पोलादापासून रूळ लाटले जातात. एका टप्प्याचे उत्पादन हे पुढच्या टप्प्याचे कच्चे द्रव्य असते. पूर्वी वितळलेले पोलाद साच्यांत ओतून ठोकळे तयार केले जात आणि ते पुन्हा तापवून लाटले जात. १९८०च्या दशकातील विस्तारात सतत ओतकामाची यंत्रणा आली आणि मधले खंडित टप्पे जोडले गेले. प्रवाह असा सलग झाला म्हणून तपासणी कमी झाली नाही. रूळ बाहेर पाठवण्यापूर्वी त्याच्या अंतरंगातील दोष श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासला जातो. दोष कारखान्यातच सापडला तर एक तुकडा बाद होतो. तो मार्गावर सापडला तर माणसांचे प्राण जातात. हे एक सूत्र लक्षात ठेवले तर पुढील सर्व विवेचन सोपे होईल.

धानापासून शिधापत्रिकेपर्यंत

माहितीचा असाच सलग प्रवाह याच राज्यात उभा राहिला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. २००४ च्या आदेशाने रास्त भाव दुकाने खाजगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था व महिला बचत गटांकडे सोपवण्यात आली. त्यानंतर २००७-०८ च्या हंगामात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजेच एनआयसीच्या, साहाय्याने धान खरेदीचे संगणकीकरण झाले. प्राथमिक सहकारी संस्थेत शेतकऱ्याच्या धानाची नोंद संगणकावर होऊ लागली आणि धनादेशही तेथेच छापून मिळू लागला. ज्या गावांत जोडणी नव्हती तेथील नोंदी मोटारसायकलस्वार जवळच्या केंद्रापर्यंत पोहोचवीत. हीच माहिती पुढे गिरणीकडे जाणाऱ्या धानाशी, नागरी पुरवठा महामंडळाच्या गोदामातील तांदळाशी आणि दुकानाच्या मासिक नियतनाशी जोडली गेली. शिधापत्रिकांच्या नोंदींवरून प्रत्येक दुकानाला किती धान्य द्यायचे हे संगणक ठरवू लागला. मालमोटार निघाल्याचा संदेश नोंदणी केलेल्या नागरिकांच्या भ्रमणध्वनीवर जाऊ लागला.

अशा व्यवस्थेला संगणकशास्त्रात 'डेटा वर्कफ्लो' म्हणतात. आपण त्यास माहितीप्रवाह म्हणू. एका ठिकाणाहून माहिती घेणे, ती स्वच्छ करणे, नियमांनुसार हिशेब करणे आणि निष्कर्ष पुढे पाठवणे, ही त्याची अंगे होत.

हा प्रवाह एकदा बांधला की काम संपत नाही, कारण नियम बदलतात. छत्तीसगडने डिसेंबर २०१२ मध्ये स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा संमत केला. २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेत हे राज्य फेब्रुवारी २०२२ मध्ये सामील झाले. १ जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय कायद्याखालील धान्य मोफत झाले. अशा प्रत्येक निर्णयाबरोबर संगणकातील आज्ञावली बदलावी लागते. खरा धोका या बदलाच्या क्षणी असतो.

एका ओळीची चूक

उदाहरण घेऊ. हे उदाहरण कल्पित आहे, पण नियम खरे आहेत. राष्ट्रीय कायद्यानुसार अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य मिळते, तर प्राधान्य कुटुंबास दर माणशी ५ किलो. समजा, प्राधान्य कुटुंबांसाठी आज्ञावलीत सुधारणा करताना एखाद्या अभियंत्याकडून एक अट गळाली आणि दर माणशी ५ किलोचा हिशेब सर्वांनाच लागू झाला. आता दोन सदस्यांच्या अंत्योदय कुटुंबाच्या नावे ३५ ऐवजी १० किलो धान्य निघेल. संगणक कोठेही अडखळणार नाही. कागद छापला जाईल, मालमोटार निघेल, संदेशही जाईल. चूक प्रथम कळेल ती दुकानाच्या रांगेत उभ्या असलेल्या वृद्धेला. आणि 'संगणकात एवढेच आहे' या उत्तरापुढे तिच्याजवळ बोलण्यासारखे काही नसेल.

सार्वजनिक व्यवस्थेतील चुकीचा भार सर्वाधिक त्यांच्यावर पडतो, ज्यांना तक्रार करणे सर्वांत कठीण असते. म्हणून ती चूक रांगेपर्यंत पोहोचण्याआधीच अडवली पाहिजे.

सातत्याने एकत्रीकरण म्हणजे काय?

'कंटिन्युअस इंटिग्रेशन' म्हणजे सातत्याने एकत्रीकरण. ही संज्ञा ग्रेडी बूच यांनी १९९१ मध्ये वापरली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात केंट बेक यांच्या 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' पद्धतीने तिला नियमित आचाराचे रूप दिले. पूर्वी अनेक अभियंते महिनोन्महिने स्वतंत्रपणे काम करीत आणि शेवटी सर्व भाग एकत्र जोडत. तेव्हा दोष कोणाच्या भागात आहे हे शोधण्यातच दिवस जात. नव्या पद्धतीत प्रत्येक लहान बदल लगेच मुख्य आज्ञावलीत मिसळला जातो आणि मिसळताना यंत्र त्याची चाचणी घेते. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी तयार केलेले 'गिट' हे आवृत्ती-नियंत्रणाचे साधन आले; त्यामुळे कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची नोंद राहू लागली. चाचण्या आपोआप चालवणारे 'जेन्किन्स' हे साधन २०११ पासून त्या नावाने ओळखले जाते. माहितीप्रवाहाचे टप्पे योग्य क्रमाने चालवणारे 'एअरफ्लो' २०१४ मध्ये एअरबीएनबी या कंपनीत सुरू झाले व पुढे सर्वांना खुले झाले.

येथे तीन संज्ञांतील भेद ध्यानात घ्यावा. सातत्याने एकत्रीकरण म्हणजे प्रत्येक बदल मिसळणे व तपासणे. 'कंटिन्युअस डिलिव्हरी' म्हणजे तपासलेला बदल कोणत्याही क्षणी लागू करता येईल अशा स्थितीत ठेवणे. मात्र लागू करण्याचा निर्णय माणसाचा. 'कंटिन्युअस डिप्लॉयमेंट' म्हणजे सर्व चाचण्या उत्तीर्ण होताच बदल आपोआप लागू होणे. नागरिकांच्या हक्काशी संबंधित व्यवस्थांत मला दुसरा मार्ग योग्य वाटतो. तपासणी यंत्राने करावी, सर्व सर्व्हरवर बदल पोहोचवण्याचे कामही यंत्राने करावे; परंतु 'आता लागू करा' या आदेशाखाली जबाबदार अधिकाऱ्याची नोंद असावी.

आपल्या उदाहरणात हे कसे घडेल? बदल सादर होताच यंत्र काही ठरलेली कुटुंबे हिशेबात घालून पाहील. दोन सदस्यांचे अंत्योदय कुटुंब : उत्तर ३५ यावे. चार सदस्यांचे प्राधान्य कुटुंब : उत्तर २० यावे. पहिल्याच प्रश्नाला १० हे उत्तर आले की प्रवाह तेथेच थांबेल आणि अभियंत्याला सूचना जाईल. कोणाचेही धान्य न घटता चूक दुरुस्त होईल.

जगाने मोजलेली किंमत

तपासणी व कार्यान्वयन हाताने करण्याची किंमत किती मोठी असू शकते, याची दोन उदाहरणे नोंदलेली आहेत. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने नवी आज्ञावली वापरात आणली. ती आठ सर्व्हरवर बसवायची होती. एका सर्व्हरवर ती बसवायची राहून गेली आणि हे काम दुसऱ्या कोणी पडताळून पाहिले नाही. त्या सर्व्हरवरील जुनी, निरुपयोगी आज्ञावली जागी झाली आणि सुमारे ४५ मिनिटांत चुकीच्या व्यवहारांमुळे कंपनीस ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. त्या कर्मचाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण जी व्यवस्था एका माणसाच्या स्मरणशक्तीवर उभी असते, तिच्यात असा दिवस कधीतरी येतोच.

दुसरे उदाहरण आज्ञावलीपेक्षा माहितीचे आहे. २०२० च्या २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळात इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळाले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नव्हत्या. उरलेल्या ओळी गुपचूप बाहेर राहिल्या. रुग्णांना त्यांचे अहवाल मिळाले होते. परंतु त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. आत आलेल्या ओळी आणि बाहेर पडलेल्या ओळी यांची संख्या जुळते काय, एवढी एक चाचणी ही चूक पहिल्याच दिवशी दाखवू शकली असती.

माहितीप्रवाहाच्या विशेष गरजा

यावरून दिसते की माहितीप्रवाहात आज्ञावली तपासणे पुरेसे नाही. माहितीही तपासावी लागते. यासाठी पुढील चार गोष्टी आवश्यक आहेत.

पहिली, मोजणीची चाचणी : नोंदींची संख्या जुळावी, एकच शिधापत्रिका क्रमांक दोनदा नसावा, आवश्यक रकाना रिकामा नसावा. एखाद्या दुकानाचे नियतन मागील महिन्याच्या तुलनेत अचानक घटले तर ते रोखून माणसाच्या नजरेखाली यावे.

दुसरी, पुनरावृत्तीतील सुरक्षितता. वीज गेली, जोडणी तुटली तर प्रवाह पुन्हा चालवावा लागतो. तो दोनदा चालला म्हणून शेतकऱ्याच्या नावे रक्कम दोनदा निघता कामा नये. परिणाम एकदाच व्हावा.

तिसरी, परतीची वाट. बदल लागू केल्यानंतर दोष आढळला तर मागील आवृत्ती काही मिनिटांत परत आणता यावी आणि दरम्यान झालेल्या चुकीच्या नोंदी ओळखता याव्यात. आज्ञावली परत आणणे तुलनेने सोपे असते. बिघडलेली माहिती सुधारणे कठीण असते.

चौथी, गोपनीयता. चाचणीसाठी खऱ्या लाभार्थ्यांची नावे व क्रमांक वापरण्याचा मोह होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती हाताळणाऱ्यावर जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. चाचणीसाठी कल्पित नोंदी तयार करणे हाच योग्य मार्ग होय.

या संदर्भात केंद्र सरकारचे २०१५ चे धोरणही अभ्यासण्याजोगे आहे. शासकीय प्रणालींची आज्ञावली खुली करून ती सहकार्याने विकसित करावी, असे त्याचे सूत्र आहे. चांगली चाचणी एका राज्याने लिहिली तर ती दुसऱ्या राज्यास उपयोगी पडू शकते.

यंत्राची मर्यादा

स्वयंचलन हा सर्व प्रश्नांवरील उपाय आहे, असे मी म्हणणार नाही. नियमच अन्याय्य असेल तर यंत्र तो अन्याय अचूकपणे राबवील. पात्र कुटुंबाचे नाव यादीतच नसेल तर कोणतीही चाचणी त्याला शोधून काढणार नाही. त्यासाठी ग्रामसभा, सामाजिक अंकेक्षण आणि तक्रार निवारण यंत्रणाच लागते. शिवाय चाचण्या लिहिणाऱ्याला जे सुचले तेवढेच यंत्र तपासते. म्हणून रांगेतून आलेली प्रत्येक खरी तक्रार ही उद्याची नवी चाचणी झाली पाहिजे. तक्रार दूर करून फाइल बंद केली तर एका कुटुंबाला न्याय मिळतो. तिचे चाचणीत रूपांतर केले तर तीच चूक पुन्हा कोणाच्याही वाट्याला येत नाही.

मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या तहसील, जिल्हा किंवा मंत्रालयाच्या पातळीवर काम कराल. तुम्हाला स्वतः आज्ञावली लिहावी लागणार नाही. परंतु नव्या प्रणालीच्या कागदावर स्वाक्षरी करावी लागेल. त्या वेळी तीन प्रश्न अवश्य विचारा. या बदलाची कोणती चाचणी झाली? तो कोणी मंजूर केला याची नोंद कोठे आहे? चूक निघाली तर मागे कसे येणार? उत्तर मिळेपर्यंत स्वाक्षरी थांबवण्याचा तुम्हाला अधिकार आहे आणि ते तुमचे कर्तव्यही आहे. घाई नेहमीच असेल. महिनाअखेर असेल, उद्घाटनाची तारीख ठरलेली असेल. घाईच्या दिवशीही तपासणी चुकू नये, यासाठीच ती यंत्राकडे सोपवायची असते.

येथून निघणारा रूळ कोणत्या गावावरून जाणार हे त्याची तपासणी करणाऱ्या कामगाराला ठाऊक नसते. तरीही तो प्रत्येक रूळ तपासतो. आपल्या माहितीव्यवस्थेकडून आपण याहून कमी अपेक्षा ठेवू नये.