डाव एक, हात हजार : क्रूझ जहाजावरील बुफे आणि आरोग्याची दक्षता

(सार्वजनिक आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



पंगतीत जेवणारा पानावर बसून राहतो आणि वाढपी फिरतो. आमटीचा डाव वाढप्याच्या हातातून सुटत नाही. बुफे भोजनात ही व्यवस्था उलट होते. पदार्थ जागच्या जागी राहतात, जेवणारे फिरतात आणि एकच डाव शेकडो हातांतून जातो. हा बदल सोयीचा खरा. परंतु त्याबरोबर आरोग्यरक्षणाची जबाबदारीही वाढप्याकडून शेकडो अनोळखी हातांकडे जाते. या बदलाचे परिणाम दीर्घकाळ आणि बारकाईने नोंदले गेले आहेत ते समुद्रावर, क्रूझ जहाजांवर.

क्रूझ जहाज म्हणजे तरंगते गावच होय. मोठ्या जहाजावर तीन-चार हजार प्रवासी आणि हजाराहून अधिक कर्मचारी असतात. सर्वांचे पाणी एक, भटारखाना एक, जिन्याचे कठडे आणि लिफ्टची बटणे एक. गावातील मनुष्य आजारी पडला तर त्याला स्वतःच्या घरी निजता येते. जहाजावर मात्र तो आणि निरोगी सहप्रवासी एकाच छताखाली राहतात. शिवाय सफर संपल्यावर प्रवासी उतरतात आणि काही तासांतच नवे प्रवासी चढतात. जहाज तेच, कर्मचारी तेच. त्यामुळे एका सफरीतील रोग पुढच्या सफरीला वारसा म्हणून मिळण्याचा धोका असतो.

मुख्य शत्रू

जहाजावरील उलट्या-जुलाबांच्या साथींमध्ये ज्या विषाणूचे नाव वारंवार येते तो नोरोव्हायरस होय. १९६८ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातील नॉरवॉक या गावी एका प्राथमिक शाळेत मुले व शिक्षक एकाएकी आजारी पडले. त्या साथीतील नमुन्यांवरून १९७२ साली आल्बर्ट कापिकियन या शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू दाखवून दिला. गावाचे नाव विषाणूला चिकटले आणि पुढे त्याचेच संक्षिप्त रूप झाले.

संसर्गानंतर साधारण १२ ते ४८ तासांत उलट्या, जुलाब, पोटात मुरडा आणि कधी ताप अशी लक्षणे दिसतात. बहुतेक रोगी एक ते तीन दिवसांत बरे होतात. परंतु वृद्ध व लहान मुले यांच्या शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते आणि तेथे प्रसंग जीवावर बेतू शकतो. क्रूझच्या प्रवाशांत वृद्धांचे प्रमाण मोठे असते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. या रोगावर खास औषध नाही. शरीरातील पाणी व क्षार भरून काढणे हाच उपचार.

या विषाणूचे चार गुणधर्म बुफेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. शंभराहूनही कमी कण पोटात गेले तरी रोग होऊ शकतो. मेज, कठडा, चमच्याची मूठ अशा पृष्ठभागांवर तो दिवसेंदिवस टिकतो. रोगी बरा झाल्यानंतरही दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ त्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहतात. आणि चौथी गोष्ट म्हणजे, हातावर चोळण्याच्या अल्कोहोलयुक्त द्रवाला तो फारशी दाद देत नाही. म्हणून त्या द्रवाचा एक थेंब चोळून बुफेच्या रांगेत उभे राहणाऱ्याने हात धुतले असे म्हणता येत नाही. साबण आणि वाहते पाणी यांनी किमान २० सेकंद हात चोळून धुणे, यास पर्याय नाही.

भीती किती आणि प्रमाण किती

जहाजावरील साथीच्या बातम्या मोठ्या अक्षरांत छापल्या जातात. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी जहाजांवरील साथी सुमारे एक टक्काच असतात; बहुसंख्य साथी वृद्धाश्रम, रुग्णालये, उपाहारगृहे आणि शाळा येथे होतात. २००८ ते २०१४ या काळात अमेरिकी देखरेखीखालील जहाजांवरील सुमारे ७ कोटी ३६ लाख प्रवाशांपैकी सुमारे १ लाख ३० हजार प्रवाशांना, म्हणजे हजारी दोनांहूनही कमी लोकांना, अशा आजाराची बाधा झाल्याची नोंद आहे.

परंतु सरासरीने निर्धास्त होणे योग्य नव्हे. २०१४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कजवळच्या बंदरातून निघालेल्या एका मोठ्या जहाजावर सहाशेहून अधिक प्रवासी आजारी पडले आणि ती सफर अर्धवट सोडून जहाजास परतावे लागले. एरवीचे अल्प प्रमाण हे शिस्तीचे फळ आहे. शिस्त सैल झाली की तेच जहाज काही दिवसांत रुग्णालय बनते.

तपासणीची पद्धत

ही शिस्त आपोआप आलेली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जहाज स्वच्छता कार्यक्रम सुरू केला. परदेशी बंदरांना जाऊन अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या, १३ वा अधिक प्रवासी वाहणाऱ्या जहाजांना तो लागू आहे. तपासणी वर्षातून दोनदा, पूर्वसूचना न देता करावी असा दंडक आहे. गुण शंभरपैकी दिले जातात आणि ८५ वा त्याहून कमी गुण मिळाल्यास जहाज अनुत्तीर्ण ठरते. हे गुण जनतेसाठी प्रसिद्ध केले जातात. दंडापेक्षा या प्रसिद्धीचा धाक मोठा असतो.

प्रत्येक जहाजाच्या दवाखान्यात उलट्या-जुलाबांच्या रुग्णांची नोंदवही ठेवावी लागते. प्रवाशांपैकी वा कर्मचाऱ्यांपैकी दोन टक्के आजारी झाल्यास खास सूचना द्यावी लागते आणि तीन टक्क्यांवर साथ जाहीर होते. आकडा लहान असतानाच तो बोलू लागावा, हा या नोंदवहीचा हेतू होय.

उष्णता, थंडी आणि वेळ

बुफेवरील दक्षतेच्या दोन फळ्या आहेत. पहिली फळी जीवाणूंविरुद्धची. शिजवलेले अन्न कोमट राहिले की त्यात जीवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक तापमानात आणि थंड पदार्थ ५ अंश वा त्याहून कमी तापमानात ठेवावेत, असा नियम आहे. तापमान राखता येत नसेल, तर पदार्थ मांडल्याची वेळ लिहून ठेवावी आणि चार तासांनंतर तो टाकून द्यावा. शिजवलेला पदार्थ थंड करायचा असल्यास दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढील चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरला पाहिजे. मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेला रस्सा या कसोटीस कधीच उतरत नाही, कारण त्याचा मध्यभाग तासन् तास कोमट राहतो. तो उथळ भांड्यांत काढून घेणे हाच उपाय.

हात आणि डाव

दुसरी फळी विषाणूविरुद्धची असून ती अधिक अवघड आहे. नोरोव्हायरस ६३ अंशांपर्यंतच्या उष्णतेतही तग धरू शकतो. म्हणजे पहिल्या फळीचे सर्व नियम काटेकोर पाळले, तरी शौचालयातून हात न धुता आलेल्या एका मनुष्याने चिमट्याची मूठ धरली की मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर रोग जातो. पुढे तोच हात पाव तोडतो आणि तोंडाशी जातो. अन्न निर्दोष असते. दोष मुठीत असतो.

यासाठी अनेक नव्या जहाजांवर बुफेच्या दाराशीच हात धुण्याची बेसिने बसविली आहेत आणि तेथे एक कर्मचारी येणाऱ्यास हसतमुखाने त्यांकडे वळवितो. पदार्थांवर काचेचा आडोसा असतो, जेणेकरून शिंक वा खोकला अन्नावर पडू नये. डाव व चिमटे ठराविक वेळाने बदलून धुण्यास पाठविले जातात. दुसऱ्यांदा वाढून घेताना उष्टे ताट न वापरता नवे ताट घ्यावे लागते. यंत्रात भांडी धुताना शेवटचे पाणी ८२ अंश तापमानाचे असावे, अशी अपेक्षा असते.

साथीचे चिन्ह दिसताच पहिली आज्ञा सुटते ती ही, की प्रवाशांनी स्वतः वाढून घेणे बंद. डाव कर्मचाऱ्यांच्या हाती जातो आणि प्रवासी ताट पुढे करतो. काही जहाजांवर सफरीच्या आरंभीचे दोन दिवस हीच पद्धत ठेवतात. आधुनिक बुफेने संकटाच्या वेळी पंगतीचा नियम स्वीकारावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कोणास सर्वांसमोर उलटी झाल्यास लोकांना दूर करून, हातमोजे व मुखपट्टी घालून ती जागा पुसली जाते आणि नंतर दर दशलक्ष भागांत १००० ते ५००० भाग क्लोरीन असलेल्या द्रावणाने निर्जंतुक केली जाते. जवळ उघडे असलेले अन्न टाकून दिले जाते. अशा वेळी अन्नाची हळहळ करणे महागात पडते.

खरी कसोटी

एवढ्या सर्व व्यवस्थेत एक दुवा असा आहे की जो तापमापकाने मोजता येत नाही. तो म्हणजे कर्मचाऱ्याचा खरेपणा, आणि खरे बोलण्याची त्याला असलेली मुभा.

नियम असा आहे की, अन्नाशी संबंध असलेल्या कर्मचाऱ्यास उलट्या-जुलाब झाल्यास त्याने तत्काळ कळवावे, त्यास वेगळे ठेवावे आणि लक्षणे थांबल्यानंतर किमान ४८ तास कामावर घेऊ नये. नियम उत्तम आहे. परंतु तो पाळला जाणे त्या कर्मचाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. करार काही महिन्यांचा असतो. घरी पैसे पाठवायचे असतात. कर्जाचा हप्ता असतो. आजारी म्हटले तर मुकादम नाराज होईल, पुढचा करार मिळणार नाही, ही भीती असते. अशा वेळी मनुष्य पोटदुखी गिळून चिरलेल्या फळांच्या ताटामागे उभा राहतो. त्या एका दिवसाच्या पगाराची किंमत शेकडो लोक मोजतात.

हा प्रश्न महाराष्ट्राला आणि गोव्याला परका नाही. गोव्यात दर्यावर्दी नोकरी करणाऱ्यास ‘तारवटी’ म्हणतात आणि अशा तारवट्यांची घरे तेथे गावोगाव आहेत. ब्रिटिश कंपन्यांच्या जुन्या आगबोटींवर गोव्याचे आचारी व वाढपी नावाजलेले होते. त्याच काळात खलाशांच्या तुकडीत स्वयंपाक करणाऱ्यास ‘भंडारी’ आणि सफाई करणाऱ्यास ‘टोपास’ म्हणत. आजही मुंबई, कोकण व गोव्यातील तरुण क्रूझ जहाजांच्या भटारखान्यात, भोजनकक्षात आणि केबिनच्या साफसफाईत काम करतात. प्रवाशाच्या ताटातील अन्न सुरक्षित राहते ते त्यांच्या हातांमुळे. आणि साथ आलीच तर रोग्यांची केबिन स्वच्छ करण्यास प्रथम जावे लागते तेही त्यांनाच.

म्हणूनच आजारी कर्मचाऱ्याचे वेतन चालू ठेवणे ही दयाबुद्धी नसून स्वच्छतेची उपाययोजनाच आहे. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार आजारी खलाशी जहाजावर असेपर्यंत त्याचे वेतन व औषधोपचार ही जहाजमालकाची जबाबदारी ठरते. भारताने हा करार २०१५ साली मान्य केला. ही तरतूद प्रत्येक नवख्या तारवट्यास बंदर सोडण्यापूर्वी माहीत असली पाहिजे. तो हक्क जितका निर्भयपणे वापरला जाईल, तितका बुफे सुरक्षित राहील.

बंदरापासून गावापर्यंत

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम, २००५ अन्वये जहाजास स्वच्छतेचे प्रमाणपत्र बाळगावे लागते व त्याची मुदत सहा महिने असते. मुंबई व मुरगाव या बंदरांतही क्रूझ जहाजे येतात. तेथील आरोग्ययंत्रणेला जहाजाचा भटारखाना तपासताना तापमापकाबरोबरच आजारी कर्मचाऱ्यांची नोंदवहीही उघडून पाहिली पाहिजे. मोठ्या भटारखान्यात महिनोन् महिने एकही नोंद नसलेली वही स्वच्छतेपेक्षा भीतीची खूण असण्याचा संभव अधिक.

ही दक्षता समुद्रापुरती नाही. लग्नाच्या मांडवात बुफे आले आहेत, शाळांत सामुदायिक भोजन आहे, यात्रेत महाप्रसाद आहे. तेथे तपासनीस येत नाही आणि गुणही प्रसिद्ध होत नाहीत. परंतु हात धुण्यासाठी साबण व वाहते पाणी दाराशी ठेवणे, डाव एकाच्याच हाती ठेवणे, शिजवलेले अन्न कोमट न राहू देणे, आणि आचाऱ्याने वा मदतनीस बाईंनी ‘आज पोट बिघडले आहे’ असे सांगितल्यास त्यांचा रोज न कापता त्यांना घरी पाठविणे, या चार गोष्टी कोणत्याही ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या आवाक्यातील आहेत. त्यांतील पहिल्या तिहींना थोडा खर्च व थोडी शिस्त लागते. चौथीला मनाचा मोठेपणा लागतो, आणि तिच्यावाचून पहिल्या तिन्ही अपुऱ्या पडतात.