देवाला सोडलेला पाडा

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त ग्रामस्थांसमोर झालेले भाषण)



मंदिराचा जीर्णोद्धार झाला की फरशी, रंग, घंटा यांबरोबर एक प्रश्न हमखास निघतो. सभामंडपाला फाटक लावावे की न लावावे? गुरे आत शिरतात, घाण करतात, म्हणून फाटक हवे असे एक बाजू म्हणते. देवाच्या गुरांना देवाच्याच दारात अडवायचे कसे, असे दुसरी म्हणते. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. परंतु ही गुरे देवाची झाली कशी, हे कोणी विचारीत नाही.

मोरा हे बंदराचे गाव. समोर भाऊचा धक्का, मध्ये पाणी. कोळ्याचे धन होडीत आणि जाळ्यात. गुरांचा खरा संसार उरण तालुक्यातील आगरी शेतकऱ्याचा, खारजमिनीतील भाताचा आणि मिठागरांच्या बाजूचा. त्या काळी गाय व्याली आणि पाडा झाला तरी घरात आनंद असे. दोन-तीन वर्षांत तो नांगराला जुंपता येई. १९७० साली नवे शहर वसविण्यासाठी शासनाने भूसंपादन जाहीर केले, १९८९ साली न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले. जमिनी गेल्या, उरल्या तिथे यंत्राने नांगरट होऊ लागली, आणि बैलाचे काम संपले. गाय मात्र दुधासाठी राहिली. गाय राहिली की तिला वासरे होणार, आणि त्यांतील निम्मे पाडे असणार. निसर्गाने आपला हिशेब कोणाच्या सोयीसाठी बदललेला नाही.

मग त्या पाड्याचे होते काय? गाईला पान्हा सुटावा एवढ्यापुरते त्याला आचळाला लावतात व ओढून बाजूला बांधतात. अर्धपोटी वाढलेला तो जीव वर्षभरात नकोसा होतो. शेवटी एके दिवशी त्याला देवळाच्या आवारात सोडले जाते आणि सांगितले जाते, देवाला वाहिला.

वृषोत्सर्गाची चाल आपल्याकडे जुनी आहे. विष्णुस्मृतीत सोडावयाच्या वळूची लक्षणे दिलेली आहेत. तो दुभत्या व जिची वासरे जगतात अशा गाईच्या पोटचा असावा, सर्व शुभलक्षणांनी युक्त असावा, कळपाचे रक्षण करण्यास समर्थ असावा. त्याच्या अंगावर चक्र व त्रिशूळ यांची खूण करीत. म्हणजे गोठ्यातला सर्वांत उत्तम गोऱ्हा गावाला दिला जाई, आणि त्याच्यापासून गावची पुढची पिढी निपजे. आज जे सोडले जाते ते गोठ्यातले उरलेसुरले. नाव तेच, व्यवहार अगदी उलटा. देवापुढे फुटका नारळ ठेवावयास कोणी धजत नाही, पाड्याच्या बाबतीत मात्र चालते.

याचा परिणाम कळपावर होतो. मोकळा वळू कोणत्या गाईला लागला याची नोंद राहत नाही. तोच वळू गावात तीन-चार वर्षे राहिला तर त्याच्याच कालवडी माजावर येतात आणि त्यांना तोच लागतो. पुढची वासरे खुरटी, दूध कमी, गाभ न ठरणे हे प्रकार वाढतात. म्हणून जाणते पशुपालक दोन-अडीच वर्षांनी वळू बदलतात. हे फक्त आधुनिक शास्त्रानेच सांगितले असे नाही. मुंबई इलाख्यात १९३३ सालीच पशुधन सुधारणेचा कायदा झाला होता. वळू ठेवण्यास परवाना आणि निकृष्ट वळूचे खच्चीकरण अशी त्यात तरतूद होती. हल्ली कृत्रिम रेतनाची सोय असल्याने गावाला वळू असलाच पाहिजे असेही नाही. कोकणच्या दमट हवेला व पावसाला टिकणाऱ्या लहान चणीच्या गाईंना ‘कोकण कपिला’ म्हणून स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली आहे. ही जात राखावयाची तर कोणता वळू लागतो, याकडे लक्ष हवेच.

दुसरी गोष्ट स्वभावाची. लहानपणी लाडाने अंगाशी खेळविलेला, कपाळाला कपाळ लावून ढुशा देण्यास शिकविलेला पाडा मोठेपणी अधिक धोक्याचा ठरतो. त्याला माणसाचे भय राहत नाही. तो पुढे येतो तो खेळावयास, पण तोवर त्याचे वजन तीन-चारशे किलो झालेले असते. मान खाली घालून, अंग आडवे दाखवून, खुराने माती उकरू लागला की त्याच्याकडे पाठ न करता सावकाश मागे सरावे. देवळात प्रदक्षिणेला लहान मुले व म्हाताऱ्या येतात, हे ध्यानात असू द्यावे. आणि रात्री हीच गुरे कंटेनरच्या ट्रेलरांच्या रस्त्यावर बसतात. पावसाळ्यात ओल्या जमिनीपेक्षा डांबर त्यांना कोरडे लागते. मोटारसायकलवाल्याला अंधारात काळा बैल दिसत नाही.

उपाय गोठ्यातच आहे. वासरू जन्मल्यावर एक-दोन तासांच्या आत त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. पहिल्या दिवसानंतर चिकातील रोगप्रतिकारक शक्ती वासराच्या आतड्याला शोषून घेता येत नाही. आपल्याकडे शेजारच्या आळीत खरवस पोचतो पण वासराला घोटभर मिळत नाही, असे घडते. खरवस करावा, अवश्य करावा, वासराचे पोट भरल्यावर. नाळेला आयोडिन लावावे, पहिल्या पंधरवड्यात जंताचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. माती चाटणारे, पोट सुटलेले वासरू हे बहुधा जंतांचे वासरू असते.

सहा महिन्यांनंतर पाडे व पाड्या वेगळ्या बांधाव्यात. वळू म्हणून ठेवावयाचा नसेल त्या पाड्याचे खच्चीकरण दवाखान्यात करून घ्यावे. पूर्वी दगडाने बडवीत, तो प्रकार अघोरी होता. आता बर्डिझोच्या चिमट्याने कातडी न फाडता, रक्त न सांडता हे काम पशुवैद्यक करतात. मात्र त्यानंतरही काही आठवडे त्याला गाईंत सोडू नये. जुळ्यांत एक पाडा व एक पाडी असेल तर ती पाडी बहुतेक वेळा वांझ निघते, हेही माहीत असावे. उगाच तीन वर्षे वाट पाहून गाईला नावे ठेवली जातात.

कोणी म्हणेल, एवढे करून पाडा ठेवावयाचा कोठे? प्रश्न रास्त आहे. १९७६ च्या राज्य कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी होती, २०१५ पासून ती बैल व वळूंनाही लागू आहे. तेव्हा पाड्याचे आयुष्य कोणीतरी पोसावयाचे आहे. मालक नाही तर गाव, गाव नाही तर रस्ता. लिंगवर्गीकृत रेतमात्रा वापरल्यास बहुतांशी कालवडीच जन्मतात, त्यामुळे पुढचा भार हलका होईल. जन्मलेल्यांचे काय, हे उरतेच.

यासाठी देवस्थानच्या देणगीवहीसारखीच एक वही ठेवता येईल. पाडा वाहणाऱ्याने तो पशुवैद्यकाला दाखवून, कानात बारा अंकी बिल्ला मारून आणावा. वहीत त्या बिल्ल्याचा क्रमांक, वाहणाऱ्याचे नाव, खच्चीकरणाची तारीख आणि वर्षाच्या पेंढ्याची तजवीज कोण करणार ते लिहावे, व खाली सही घ्यावी. सही करावयास नकार दिला तर पाडा परत घरी न्यावा. फाटकाचा खर्च त्यानंतर ठरवावा.